सुतकात ठोकलेला पत्रा

आईनं ते कापड उजेडाकडं धरलं, आणि त्यातून मला तिचा अख्खा डोळा दिसला.

"कास्तो, हे काय आहे?"

"लुबुगो आहे, आई. सालीचं कापड."

"सालीचं कापड मी ओळखते रे. माझा बाप आणि आजा हेच ठोकत ठोकत मेले. मी विचारतेय, हे काय आहे? चाळण?"

चाळणच होती ती.

दुसऱ्या दिवशी शनिवारी पोन्सियानो मामाचं सुतक फिटायचं होतं. मामाला जाऊन सात महिने झालेले. सुतक फिटतं त्या दिवशी आमच्यात घराचा वारस दारात उभा करतात, सगळ्या कुळासमोर. त्याच्या खांद्यावर गाठ मारून जे कापड बांधतात ते त्या घरच्याच ओंडक्यावर ठोकलेलं लागतं. मासाकाच्या बाजारातलं आणलं तर म्हातारे उठून चालायला लागतील. आणि आई मामाची थोरली बहीण, म्हणजे घराची आत्या. कापड हातात घेऊन "चालेल" असं तिनं म्हणायचं असतं. ती म्हणेना.

आवाज ऐकून एरिनेओ बाहेर आला. मामाचा थोरला. पांढरा पायघोळ कांझू इस्त्री केलेला, पायात बूट. मामा आजारी पडला तेव्हा हा कंपालाहून आला आणि राहिलाच. तिकडं एका मोठ्या गोदामात वीस वर्षं मुकादम होता.

"आत्या, काय झालं? बारीक भोकं आहेत. शिवून घेऊ. बाबांच्या कापडालाही असायचीच की."

"तुझ्या बापाच्या कापडाला फांदी फुटल्या जागी भोक असायचं. एक, नाहीतर दोन. हे मात्र कोरड्या सालीवर मोगरी पडून फाटलंय. साल कोरडी कशी झाली, ते सांग मला."

"मला काय विचारतेस? त्यांना विचार." त्यानं चुलीपाशी साल वाफवत बसलेल्या ठोकणाऱ्यांकडं बोट केलं. पाच जण होते. सहावा सालोंगो, तो आत खाटेवर पडलेला. "मुद्दाम करतात. बाबा गेल्यापासून यांचा हात जड झालाय. बाबांनी लाडावून ठेवलेत सगळे."

पाचांपैकी एकानं पाहुण्यांबरोबर मिळालेल्या चहाची वाटी खाली ठेवली. जोरात नाही, पण ठेवली. मी समजलो, आज काही खरं नाही.

आता साल ठोकायची आमची पडवी आधी कशी होती ते सांगतो, नाहीतर आम्ही उगाच भांडतो असं वाटेल.

मामाच्या वेळी वर जाड गवताचं छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या. खाली जमिनीला कायम ओल. मधे एक लांब ओंडका, त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन माणसं समोरासमोर. मुतुबाच्या झाडाची साल सकाळी काढायची, वाफवायची, आणि ओली आहे तोवर ओंडक्यावर टाकून ठोकायची. आधी जाड खाचांची मोगरी, मग मधली, मग बारीक. हाताएवढ्या रुंदीची साल ठोकून ठोकून चादरीएवढी होते. समोरासमोर बसलं की एकाच्या ठोक्यावर दुसऱ्याचा हात चालतो. तोंडही चालतं. कुणाची बायको रुसली, कुणाची डुक्करीण व्याली, सगळं त्या ओंडक्यावर यायचं. उन्हं चढली की मामी उकडलेला कसावा आणि चहा पाठवायची. मामा स्वतः बसायचा, खायचा, सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. असं करून आठवड्याला नऊ कापडं निघायची, आणि शहरातले लोक गाडी घेऊन दारात यायचे.

एरिनेओनं पहिलं काय केलं, तर चारी बाजूंनी पत्रा ठोकला. माणसं रस्त्याकडं बघत बसतात म्हणे. दाराला कुलूप लावलं. लांब ओंडका बाहेर ढकलला आणि प्रत्येकाला वेगळं खोड दिलं, तोंड भिंतीकडं. बोलायचं नाही. चहा दुपारी, तोही उभ्यानं. भिंतीवर एक फळा लावून त्यावर प्रत्येकाच्या नावापुढं झालेल्या कामाच्या खडूच्या रेघा.

तो पत्रा दहा वाजता तापायचा. बारापर्यंत आत तवा. साल एका बाजूनं ठोकेस्तोवर दुसऱ्या बाजूनं पापडासारखी वाजायला लागायची. अंगातला घाम पुसायला हात थांबला की दारातून आवाज, "हात का थांबला?" नऊची पाच कापडं झाली. एरिनेओनं काय केलं? आणखी दोन तास वाढवले. पाचाची चार झाली, त्यातली दोन चाळणी.

बुधवारी सालोंगो आत बेशुद्ध पडला. सालोंगो म्हणजे जुळ्यांचा बाप, आमच्यात हे नाव मानानं घेतात. मामाच्या बापाबरोबर ठोकायला बसलेला माणूस तो. तोंड भिंतीकडं असल्यामुळं तो कधी आडवा झाला हेसुद्धा शेजारच्याला कळलं नाही. ठोका थांबलेला ऐकू येईना, कारण सगळ्यांचे ठोके आपापले, एकमेकांत नाहीतच. आधी ओंडक्यावर एक हात चुकला तरी पाच जण वर बघायचे.

तर हे असं.

आईनं कापडाची घडी घातली आणि काही न बोलता केळीच्या बागेतून मागच्या मुतुबांकडं चालायला लागली. मी मागं. तिचा गुडघा दुखतो, पण रागात असली की गुडघा विसरते.

झाडांपाशी ती थांबली ती थांबलीच.

सात मुतुबा ओळीनं उभे होते, बुंध्याची साल काढलेले. उघडे. गुळगुळीत, पांढरट, जागोजागी काळपट तडे.

आमच्यात साल काढली की झाड त्याच घटकेला केळीच्या पानांनी गुंडाळतात. वरपासून खालपर्यंत, बाळंतिणीचं पोट बांधावं तसं. आठवडाभर बांधून ठेवलं की नवी कातडी धरते. दरवर्षी साल देतं, चाळीस वर्षं देतं, आणि दुसऱ्या वर्षाची साल पहिल्यापेक्षा मऊ निघते. हे पोरांनाही ठाऊक असतं.

"कुणी सोडली ही अशी?" आईनं वळून विचारलं.

"एरिनेओनं सांगितलं. पानं कापायला आणि बांधायला अर्धा दिवस जातो, तेवढ्या वेळात ठोका म्हणाला."

आईनं एका बुंध्यावर हात ठेवला. ते झाड तिच्या बापानं लावलेलं. मग ती अशी काही ओरडली की सुतकासाठी फणसाखाली जमलेले म्हातारे उठून उभे राहिले.

"एरिनेओ! ये इकडं! बूट काढून ये!"

एरिनेओ आला. बूट काढले नाहीत, पण आला. त्याच्या मनात त्या वेळी काय होतं ते त्यानं मला पुढं महिन्यानं सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून, म्हणून मला माहीत आहे. तो म्हणाला, "कास्तो, मला सगळ्यांत जास्त कसला राग होता सांगू? मला ठोकता येत नाही याचा." मामानं त्याला शाळेत घातलं ते याच सालीवर. सुट्टीत घरी आला की सगळे ओंडक्याभोवती हसताना दिसायचे, आणि हा बाजूला उभा, हातात पुस्तक. कुणी मोगरी दिली नाही. "शिकलेले हात आहेत, खराब होतील," असं मामा म्हणायचा, कौतुकानं. पोराला ते कौतुक लागलं. गोदामात त्याला एकच गोष्ट शिकवली, की हसणारा माणूस काम करत नसतो. वीस वर्षं तेच पाहिलं, तेच केलं. घरी येऊन तो हसरा ओंडका बघितला आणि त्याला वाटलं, हा सगळा वेळ बाबांनी वाया घालवला. शहरातल्या एका दुकानानं दिव्यांच्या शेडसाठी साठ कापडं मागितली होती. ती वेळेत देऊन दाखवायची, मग सगळे म्हणतील, थोरल्यानं करून दाखवलं.

हे समजून घेता येतं मला. तेव्हा आलं नव्हतं. तेव्हा त्याला फणसाला बांधून ठेवावं असं वाटत होतं.

"हे काय केलंस?" आईनं विचारलं.

"आत्या, झाडं आहेत ती. पुन्हा येईल साल."

"बांधल्याशिवाय येत नाही! हा खरवडलेला माणूस आहे, माणूस! कातडी काढून उन्हात उभा केलाय! आणि तिकडं पत्र्यात तू काय केलंस? तेच! यांच्याकडून काढून घेतलंस, बांधलंस काय?"

"मी सगळं या घरासाठी करतोय. यांना वेळेची किंमत नाही. तिथं कंपालामध्ये..."

"कंपालामध्ये मुतुबा नाहीत!"

म्हाताऱ्यांपैकी एकाला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात लपवलं.

कुळातले सगळ्यांत मोठे म्हणजे कालुंगी बाबा. काठी टेकत आले. "भांडण बसून करा. उभ्यानं केलेलं भांडण लवकर हातावर येतं. तादेओ कुठंय?"

तादेओ म्हणजे धाकटा. आमच्यात थोरला मुलगा वारस होत नाही, ही जुनी रीत. तो घराचा थोरला म्हणून मान घेतो, पण बापाच्या जागी बसत नाही. तेव्हा वारस तादेओच होणार हे अख्ख्या गावाला माहीत होतं. एरिनेओलाही माहीत होतं, आणि त्याला ते चालत होतं. कारण तादेओ दादापुढं तोंड उघडत नाही. कापड तादेओच्या खांद्यावर, किल्ली दादाच्या खिशात.

तादेओ स्वयंपाकघरामागं सापडला. वाफवलेल्या केळ्यांच्या मटोकेची पानं सोडवायला बायकांना मदत करत होता. पस्तिशीचा गडी, आणि वाफेत तोंड लपवून बसलेला.

आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "उद्या तुझ्या खांद्यावर काय बांधू? चाळण बांधू?"

"आत्या, दादाचं वय मोठं आहे. त्यानं माझी फी भरली. माझ्या पोरांचीही भरतो."

"भरतो ना? चांगलं करतो. आणि सालोंगोनं काय केलं तुझं?"

तादेओनं आणखी एक पान सोडवलं. सहाव्या वर्षी त्याचा हात धरून मोगरी कशी सैल धरायची ते सालोंगोनं शिकवलेलं. ती गोष्ट सगळ्यांना माहीत.

"तो आत पडलाय," आई म्हणाली. "शुद्धीवर आल्यापासून एकच विचारतो. 'माझी रेघ खोडली का?' साठ वर्षं ठोकणारा माणूस रेघेला भितोय. ऐकतोयस?"

ती तिथून निघाली. तादेओच्या हातात मटोकेचं गरम पान तसंच राहिलं. हात भाजला असणार, पण टाकलं नाही त्यानं. हे मामीनं सांगितलं.

फणसाखाली बैठक बसली. कालुंगी बाबा मधे, एका बाजूला एरिनेओ, दुसऱ्या बाजूला आई. ठोकणारे पाच जण मागं उभे. त्यांच्यातला लांब मानेचा बोस्को पुढं आला, टोपी काढली.

"बाबा, आम्ही जातो. सुतक फिटलं की पलीकडच्या गावात ओंडका आहे, तिथं बसू. आम्ही आळशी नाही. आमच्या बायकांना विचारा आळशी कोण असतो ते."

"तुझ्या बायकोनं परवा विचारलं मला," मागून कुणीतरी म्हणालं. "म्हणाली, बोस्को घरी आल्यावर बोलतच नाही. भिंतीकडं तोंड करून बसतो."

हसले सगळे. बोस्को नाही हसला. "खरं आहे ते," म्हणाला. "सवय लागली."

मग कुणी हसलं नाही.

एरिनेओ उठला. "जायचं तर जा! दुसरे आणीन. माणसं काय, पैशाला पासरी मिळतात."

आता माझं ऐका. मी मामाचा भाचा. या कुळाचा नाही, बापाच्या कुळाचा. मला या घरातलं काही मिळायचं नाही, म्हणून मला भीतीही नाही. आणि सुतकात भाच्यांना एक काम असतं, ते आम्ही आनंदानं करतो. पाहुण्यांसाठी जे मांडव आणि ज्या झोपड्या उभ्या करतात, त्या सुतक फिटताना भाच्यांनी मोडायच्या. सुतकात जे उभं राहिलं ते सुतकाबरोबर जातं. म्हणून तर त्या काळात कुणी घराची वीटसुद्धा लावत नाही.

मी पत्र्याकडं बघत होतो. आणि मला एकदम हसू फुटलं.

"काय रे कास्तो, काय दात काढतोयस?" कालुंगी बाबा.

"बाबा, मामा कधी गेला?"

"मार्चमध्ये. तुला नाही माहीत?"

"आणि हा पत्रा कधी ठोकला?"

बोस्को म्हणाला, "मेमध्ये. पहिला पाऊस उघडल्यावर."

कालुंगी बाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "सुतकात बांधलंस, एरिनेओ?"

एरिनेओचा चेहरा पडला. वीस वर्षं शहरात राहिलेला माणूस, त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "बांधलं असं नाही. छप्पर आधीचंच होतं. मी नुसत्या भिंती..."

"भिंती म्हणजे बांधणंच झालं."

"चार पत्रे आहेत हो!"

"अठरा आहेत," मी म्हणालो. "मी मोजलेत. रोज दुपारी यांना पाणी द्यायला आत जातो, दुसरं काय बघणार?"

आई माझ्याकडं बघत होती. लहानपणी मी फणस चोरून आणायचो तेव्हा बघायची तशी.

कालुंगी बाबा विचार करून म्हणाले, "पाहुण्यांचा मांडव भाचे आपणहून मोडतात. पण घराची पडवी घराची आहे. तिला हात लावायला घरच्या पोरानं 'मोडा' म्हटलं पाहिजे. एरिनेओ, म्हणतोस?"

"मी? मी पैसे घालून..."

"मग दुसरा पोरगा आहे."

सगळ्यांनी माना वळवल्या. तादेओ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर उभा होता. कधी आला कुणास ठाऊक.

"तादेओ," एरिनेओ म्हणाला. आवाज एकदम मऊ. "विचार कर. साठ कापडं द्यायची आहेत. मी तुझ्यासाठी काय काय केलंय ते आठव."

तादेओनं मान खाली घातली. मला वाटलं, गेलं. हा आता "दादा म्हणेल तसं" म्हणणार आणि उद्या चाळण बांधून घेणार.

"आठवतंय, दादा," तो म्हणाला. "फी आठवते. माझ्या लग्नातली गाय आठवते. आणि बुधवारचंही आठवतंय. सालोंगो खाली पडला तेव्हा तू पळत आलास. आधी मोगरी उचललीस, फुटली का ते बघितलंस. मग माणूस."

एरिनेओ पुन्हा खाली बसला. कारण ते खरं होतं, आणि ते आपण केलं हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. हेही त्यानंच सांगितलं मला, ओट्यावर.

"मोडा," तादेओ म्हणाला. मग आवाज फाटला त्याचा. "मोडा म्हणतो ना! आत्ताच्या आत्ता! सकाळची साल वाफवून ठेवलीय, वाळतेय ती!"

आम्ही चार भाचे होतो. मासाकाचा एक, जाड आहे, खुर्चीवरून उठायला दोघं लागतात. तो सगळ्यांच्या आधी पोचला. अर्ध्या तासात अठरा पत्रे खाली. वारा आत शिरला आणि त्या पडवीला वास आला, पुन्हा ओल्या मातीचा. लांब ओंडका गवतातून लोटत आणला. त्याच्याखाली मुंग्यांनी घर केलं होतं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. फळा बायकांनी चुलीत घातला. चांगला पेटला.

तादेओ आणि ते पाच जण बसले. समोरासमोर. पहिले दहा-बारा ठोके कुणाचा कुणाशी मेळ नाही, सवयच गेलेली. मग आतून सालोंगोचा आवाज आला, खाटेवरून, बारीक पण चिडका: "बोस्को! तुझा हात मागं आहे! आणि तुझी डुक्करीण व्याली का रे?"

"नऊ पिल्लं झाली, सालोंगो, मागच्या महिन्यात!"

"नऊ? मग तेव्हाच का सांगितलं नाहीस, गाढवा?"

आणि हात जुळले. डोळ्यांसमोर साल पसरत गेली, ओली, पोळीसारखी. उन्हं डोक्यावर यायच्या आत कापड गवतावर वाळत पडलेलं. एक भोक होतं, फांदीचं.

एरिनेओ कुठंय म्हणून मी मागं बघायला गेलो. तो मुतुबांपाशी होता. कांझू कमरेला खोचलेला, बूट बाजूला, हातात केळीची पानं. एकट्यानं झाड बांधत होता. येत नव्हतं, पान उलटं लावलेलं, दोरी घसरत होती. आई शेजारी उभी होती आणि त्याला शिव्या देत होती. "वरून खाली, मूर्खा! वरून! तुझ्या बापानं तुला काहीच शिकवलं नाही का?"

"नाही शिकवलं, आत्या," तो म्हणाला.

आईनं दोरीचं दुसरं टोक धरलं.

सातांपैकी चार झाडं जगली. तीन गेली. ती कुणी परत आणू शकत नाही, आणि मी अजून त्याला माफ केलेलं नाही त्याबद्दल, तो माझ्या ओट्यावर चहा पितो तरी.

शनिवारी सकाळी तादेओच्या खांद्यावर आईनं गाठ मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "चालेल." शहरातल्या दुकानाला साठ कापडं उशिरा गेली, एका महिन्यानं. दुकानदारानं हातात घेऊन बघितली आणि आणखी ऐंशी मागितली. सालोंगो आता ठोकत नाही, ओंडक्याच्या टोकाला बसून प्रत्येकाच्या घरच्या भानगडी विचारतो. तादेओ म्हणतो, ते सातव्या माणसाचं काम आहे.

पत्रे? पत्रे मोडणाऱ्याचे. रीतच आहे तशी. पाच माझ्या वाट्याला आले, मी डुकरांच्या खोपटाला चारी बाजूंनी ठोकले. डुकरं सकाळी आत असतात, संध्याकाळी आत असतात. दुपारी बाहेर फणसाखाली येऊन पडतात, आणि काठी घेऊन मारलं तरी आत जात नाहीत.